पणजी आणि जुन्या गोव्यातली म्युझियमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की कोल्हापूर, बेळगाव, पुणे सगळीकडून मेसेज यायला लागतात. बीच झाले, मंगेशी-शांतादुर्गा झाली, आता म्युझियम वगैरे काही आहे का तिकडे? आहे, आणि भरपूर आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी फोंड्याची, त्यामुळे रस्त्याचं-बसचं जे सांगेन ते इथल्या माणसाच्या हिशोबाने.

एकच म्युझियम बघण्यापुरता वेळ आहे. कुठलं बघू?

जुन्या गोव्याचं, पुरातत्त्व खात्याचं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून जो जुना मठ आहे त्यात 1964 पासून आहे. बॉम जेझूस चर्च बघायला सगळे जातातच, त्यातले निम्मे समोरचा रस्ता ओलांडून इकडे येतसुद्धा नाहीत आणि मग घरी जाऊन म्हणतात गोव्यात इतिहास असा काही नाही बाबा, सगळं पोर्तुगीज. इथे एकाच इमारतीत कदंब राजांच्या काळातले दगड आहेत, विष्णू-सूर्याच्या मूर्ती आहेत, वीरगळ आणि सतीचे दगड आहेत, आणि वरच्या मजल्यावर गेलात की पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची उभी तैलचित्रं ओळीने लावलीयत.

ही चित्रं काढून घ्यायची सुरुवात 1547 साली दों जुआंव द कास्त्रो या गव्हर्नरने केली, आणि मग पुढे जो येईल त्याचं चित्र लागत गेलं. हवेने, दमटपणाने खराब झाली की वरून पुन्हा रंगवायचे, असं शतकानुशतकं चाललं. म्हणून काही चेहरे एकमेकांसारखे दिसतात. पण चेहऱ्यांपेक्षा कपडे बघा, बूट बघा, तलवारीची मूठ बघा, दीडशे-दोनशे वर्षांत फॅशन कशी बदलत गेली ते भिंतीवर सरळ दिसतं. लोक या हॉलमधून पाच मिनिटांत चालत निघून जातात, तसं करू नका.

गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळाही इथेच आहे. तो आधी पणजीत आझाद मैदानातल्या त्या खांबांच्या मंडपात होता. मुक्तीनंतर पुतळा इकडे म्युझियममध्ये आला आणि त्या मंडपात आज गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हांच्या अस्थी आहेत. पणजीत फिरताना तो मंडप जरूर बघा, खांब जुन्या गोव्यातल्या पडलेल्या चर्चमधून आणलेत.

वीरगळ काय असतं आणि त्यात बघायचं काय?

महाराष्ट्रातल्या लोकांना हे सांगायला लागू नये, पण गावाच्या वेशीवर दगड उभा असतो आणि आपण त्यावर शेंदूर बघून पुढे जातो, म्हणून सांगते. लढाईत मेलेल्या वीराचा तो स्मारक-दगड. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन जातायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील.

आता गोव्याचं वेगळेपण काय, तर इथल्या काही वीरगळांवर खालच्या चौकटीत जहाज आहे. घोडे नाहीत, हत्ती नाहीत, समुद्रावरची लढाई. जवळ जाऊन वाकून बघा, जहाजाच्या कडेने वल्ह्यांची ओळ दिसते, बारीक तिरप्या रेघा, प्रत्येक वल्हं वेगळं कोरलेलं, आणि वर माणसं भाले धरून दाटीने उभी. कदंबांचं आरमार होतं हे पुस्तकात आपण एका ओळीत वाचतो. इथे ते हाताएवढ्या दगडी चौकटीत समोर असतं. पाथरवटाने जहाज नुसतं ऐकून कोरलेलं नाही, बघितलंय, हे त्या वल्ह्यांवरून कळतं.

सतीच्या दगडावर कोपरात वाकवलेला हात असतो, बांगड्यांसकट. तो बघताना मला दर वेळी गप्प व्हायला होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

पणजीतलं स्टेट म्युझियम पाटोला होतं ना? आता कुठे आहे?

हो, सुरुवात 1977 ची आणि पाटोची मोठी इमारत 1996 ची. ती इमारत नंतर रिकामी करावी लागली आणि म्युझियम आदिलशाह पॅलेसमध्ये आलं, म्हणजे जुनं सेक्रेटरिएट, मांडवीच्या काठावर, आबे फारियाच्या पुतळ्याच्या बाजूला. जागा कमी आहे त्यामुळे संग्रहातलं सगळं एका वेळी मांडलेलं नसतं. जायच्या आधी फोन करून आत्ता काय बघायला ठेवलंय ते विचारा, विशेषतः एखादी ठरावीक वस्तू बघायला लांबून येत असाल तर.

खरं म्हणजे ती इमारतच एक म्युझियम आहे. आदिलशहाचा वाडा, 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, 1759 पासून व्हाइसरॉयांचं घर झाला, आणि मुक्तीनंतर गोव्याची विधानसभा इथे भरायची ती पर्वरीला नवी इमारत होईपर्यंत, म्हणजे 2000 पर्यंत. जुन्या गोव्यात जी तैलचित्रं बघितलीत ती एके काळी याच इमारतीत टांगलेली होती.

संग्रहातल्या दोन गोष्टी लोकांना फार लक्षात राहतात. एक, इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्म-न्यायालयाचं, म्हणून ठेवलेलं भलंमोठं कोरीव टेबल आणि त्याच्या उंच पाठीच्या खुर्च्या. इन्क्विझिशन गोव्यात 1560 ला आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. टेबलावरचं कोरीवकाम इतकं सुंदर आहे की त्याच्यापुढे कोण उभं राहत होतं हे आठवून अंगावर काटा येतो. दुसरी गोष्ट जुन्या लॉटरीची फिरती मशिनं, ती मुलांना आवडतात.

ख्रिश्चन आर्टचं म्युझियम आहे म्हणतात. आम्हाला त्यातलं काय कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी बघा तर.

म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात आहे. 1994 ला राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 ला इथे आलं, आणि मोठं नूतनीकरण होऊन 2022 मध्ये पुन्हा उघडलं. आता मांडणी, लाईट, माहिती सगळं इतकं छान आहे की म्युझियम कसं असावं हे बघायला म्हणून तरी जावं.

आत काय आहे तर हस्तिदंत, चांदी, लाकूड, भरतकामाची वस्त्रं. आणि हे सगळं घडवलं कोणी? इथल्याच शेटांनी आणि च्यारींनी, म्हणजे सोनारांनी आणि सुतार-मूर्तिकारांनी. चर्चच्या सभांनी हिंदू कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घेऊ नका असं बजावलं तरी कामं त्यांच्याकडेच जात राहिली, कारण तसा हात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. देऊळ पाडलं, गाव सोडायला लागलं, देव रातोरात पलीकडे फोंड्याला न्यावे लागले, आणि त्याच माणसांच्या नातवंडांनी पुढे चर्चचं वेदीकाम कोरलं असेल. हे मनात ठेवून बघितलं की प्रत्येक वस्तूत काहीतरी ओळखीचं सापडतं. हस्तिदंताचा बाळ येशू मेंढपाळाच्या वेषात बसलेला असतो, डोळे मिटलेले, गालावर हात, आणि बघताक्षणी ध्यानातला बुद्ध आठवतो. देवदूतांचे गाल आपल्या गौरींच्या मुखवट्यांसारखे गोल. चांदीचा पेलिकन पक्षी आहे, त्याच्यावरचं काम अगदी जवळ जाऊन बघा. आणि नंतर गोव्यातल्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये गेलात की पाद्री जिथून प्रवचन देतो त्या लाकडी पल्पिटच्या खालच्या भागाकडे लक्ष द्या, बऱ्याच ठिकाणी तो भार नागिणींनी पेललाय. अर्धी बाई, अर्धा साप. त्या कुठून आल्या ते आपल्याला कोणी सांगायला नको.

चित्रं बघायची आहेत, मूर्ती-बिर्ती नको. कुठे जाऊ?

फोंताइन्यशला, पणजीतल्या जुन्या वस्तीत. फुंदासांव ओरिएंत नावाची संस्था आहे, तिथे आंतोनियो शाविएर त्रिंदादची चित्रं आहेत. हा सांग्याचा माणूस, 1870 चा जन्म, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकला आणि तिथेच शिकवलंही. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर कसा पडतो हे त्याच्याकडून बघावं. जागा छोटी, गर्दी नाही, निवांत बसून बघता येतं.

दुसरी जागा पर्वरीला, झेवियर सेंटर. तिथे आंजेलो द फोन्सेकांची चित्रं आहेत. हे सांतइस्तेव्हचे, पण आयुष्य गेलं पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. त्यांची मेरी साडी नेसलेली आहे, कपाळ-केस सगळं आपल्याकडच्या बाईचं. त्या काळी इथल्या चर्चमधल्या काही लोकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. पुण्याच्या लोकांनी तर हे बघायलाच हवं. आधी फोन करून जा.

आणि नवीन काही हवं असेल तर पिळर्ण इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये म्युझियम ऑफ गोवा, सुबोध केरकरांनी 2015 मध्ये सुरू केलेलं. केरकर आधी डॉक्टर होते. शिंपले, होड्यांची लाकडं, मिरच्या, अशा समुद्राशी आणि व्यापाराशी जोडलेल्या गोष्टींतून ते गोव्याचा इतिहास सांगतात. मॉडर्न आर्ट कळत नाही म्हणणारी माणसंपण इथे रमतात.

डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी नावाचं आर्ट्स फेस्टिव्हल असतं तेव्हा पणजीभर चित्रं-नाटकं-प्रदर्शनं असतात, 2016 पासून चाललंय. पण तेव्हा राहायचे रेट आणि पार्किंग यांची तयारी ठेवा.

मी आर्किटेक्चरची/डिझाईनची स्टुडंट आहे, काय चुकवू नये?

तोर्डा, पर्वरीच्या पुढे. हाउसेस ऑफ गोवा. जेरार्ड द कुन्हा या आर्किटेक्टने रस्त्यांच्या मधल्या बेटावर जहाजासारखी निमुळती इमारत बांधलीय आणि आत गोव्याच्या घराचा अभ्यास मांडलाय. बाल्कांव कसा आला, म्हणजे घरासमोरच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, हिंदू घरात राजांगण आणि तुळस मध्ये आणि सगळं घर आतल्या बाजूला तोंड करून, तर ख्रिश्चन घर रस्त्याकडे बघत बसलेलं, हे सगळं तिथे नीट कळतं. शेजारीच मारियो मिरांदाची गॅलरी आहे, त्याची रेखाटनं माहीत नसलेला मराठी वाचक विरळाच.

शिंपल्याच्या खिडक्या हा माझा अगदी आवडता विषय. काच महाग आणि दुर्मिळ होती तेव्हा इथे खिडकीला एका जातीच्या चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवायचे. शिंपला घासून चौकोनी कापायचा, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक थोडा चढवून सरकवायचा. कौलांसारखंच. पाऊस बाहेर राहतो आणि आत दुधाळ उजेड येतो, डोळ्याला न टोचणारा. म्युझियममध्ये बघा, आणि मग फोंताइन्यशमधून चालताना मान वर करून शोधा, अजून काही शिल्लक आहेत.

आणि कावी. हे म्युझियममध्ये नाही, देवळाच्या भिंतीवर बघायचं, उदाहरणार्थ मोरजेला मोरजाईच्या देवळात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा काढायचा, त्यातून फुलं, वेली, देव. एकदा वाळलं की दुरुस्ती नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली यावर ऑईल पेंट मारतात किंवा टाइल्स लावतात तेव्हा जीव तुटतो. तुमच्या गावच्या देवळात असं काही असेल तर प्लीज कमिटीला सांगा, हात लावायच्या आधी जाणकाराला बोलवा.

मुलं कंटाळतात हो म्युझियममध्ये.

मग काचेच्या कपाटांपासून सुरुवात करू नका. बाणावलीला गोवा चित्र आहे, व्हिक्टर ह्युगो गोमिशने गावोगाव फिरून, मोडायला निघालेल्या घरांतून जमवलेली शेतीची, स्वयंपाकाची, बारा बलुतेदारांची अवजारं. भलामोठा लाकडी घाणा आहे. बरोबर आजी असेल तर अर्धी माहिती तीच सांगेल आणि मुलं गाईडपेक्षा आजीचं जास्त ऐकतील. माझ्या सासूबाई तिथल्या विळीसमोर जे बोलायला लागल्या ते आम्हाला पुढे हलूच देईनात.

पणजीत मांडवीकाठी कस्टम्सचं म्युझियम आहे, निळ्या रंगाची इमारत. स्मगलिंगचं सोनं कुठे कुठे लपवायचे आणि ते कसं पकडलं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना जाम आवडतं. विमानवेडी मुलं असतील तर दाबोळीजवळ नेव्हल एव्हिएशन म्युझियम, खरी विमानं बाहेर उभी आहेत.

मुलांसाठी एक युक्ती, आत शिरतानाच सांगायचं की सगळं बघू नको, एकच वस्तू निवड आणि वहीत तिचं चित्र काढ. फोटो नाही, चित्र. बघायला आपोआप थांबतात.

मराठीत माहिती मिळते का?

लेबलं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, सरकारी ठिकाणी हिंदीतही. मराठीत फार कमी, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण इथे जे ठेवलंय ते वाचायला येणारी बरीच माणसं महाराष्ट्रातून आणि गोव्याच्या गावागावांतून येतात. पण म्युझियमच्या माणसांशी मराठीत-कोकणीत बोला, छान सांगतात, विचारणारं कोणी भेटलं की त्यांनाही बरं वाटतं.

मराठीवर प्रेम असेल तर पाटोची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी बघाच. संस्था 1832 ची. ज्या कृष्णदास शामाच्या नावाने ती आहे त्याने सोळाव्या शतकात इथे बसून मराठीत कृष्णचरित्र लिहिलं. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला आणि फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं, मराठी भाषा पण लिपी रोमन. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. हे माहीत असलं की लायब्ररीतली जुनी पुस्तकं वेगळीच दिसायला लागतात.

कुठल्या दिवशी बंद असतं? तिकीट किती?

जुन्या गोव्याचं पुरातत्त्व म्युझियम शुक्रवारी बंद. हे लिहून ठेवा, शुक्रवारी गेटवर उभी राहिलेली पुष्कळ मंडळी बघितलीयत. बरीच बाकीची सोमवारी बंद. सरकारी म्युझियमं सरकारी सुट्टीलाही बंद असू शकतात. तिकिटं सरकारी ठिकाणी अगदी थोडी, आणि पुरातत्त्व खात्याकडे 15 वर्षांखालच्या मुलांना फ्री. खासगी ठिकाणी जास्त पण त्यात बऱ्याचदा गाईड असतो. रेट बदलत असतात म्हणून आकडे देत नाही.

3 डिसेंबरच्या आसपास जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं, लाखो लोक येतात. फेस्त बघायला जरूर या, म्युझियम मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा.

फोटो?

प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम, गेटवर विचारा. फ्लॅश कुठेच नको, जुन्या रंगांना आणि कापडाला तो लागतो.

स्वतःची गाडी नाही, कसं फिरायचं?

कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशनला उतरा, जुनं गोवा तिथून जवळच. मडगावला उतरून परत वर येण्यात काही अर्थ नाही. पणजीहून कदंबच्या, म्हणजे सरकारी, आणि खासगी बसेस जुन्या गोव्याला सतत असतात, दहाएक किलोमीटर. रायबंदरवरून जाणारी बस मिळाली तर उत्तम, कारण तो सरळसोट रस्ता सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी मिठागरांमधून बांधलेला बांध आहे. एकटे असाल तर पायलट करा, पिवळ्या-काळ्या रंगाची मोटरसायकल टॅक्सी, आधी पैसे ठरवून. पिळर्ण, तोर्डा, बाणावली मात्र एका दिवसात बसने जोडायला जाऊ नका, बाणावली दक्षिणेला आहे, तो वेगळा दिवस.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जुन्या इमारती आहेत, जिने उंच. जुन्या गोव्यात तैलचित्रं वरच्या मजल्यावर, पण दगडी मूर्ती आणि वीरगळ खाली बघून होतात. आधी फोन करून लिफ्ट, व्हीलचेअर विचारा. सकाळी उघडल्या उघडल्या जा, ऊन कमी आणि टूरच्या बसेस यायच्या असतात. मे महिन्यात दुपारी चर्चच्या पटांगणातून चालणं तरण्यांनापण जड जातं. पावसाळ्यात उलट सगळ्यात मजा, छत्री घ्या.

जेवायचं काय?

पणजीत कुठल्याही जुन्या हॉटेलात सकाळी पातळभाजी-पाव आणि मिरची भजी खाऊन निघा, दुपारी राईस-प्लेट. जुन्या गोव्यात बसस्टँडजवळ खायला मिळतं, पण तिथे जेवणासाठी म्हणून थांबू नका.

म्युझियम बघून झालं, अर्धा दिवस हातात आहे.

मग फेरीबोट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाते. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, कदंबांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या कृपेचा उल्लेख असतो, आणि त्यांचा सिंह तुम्ही सकाळपासून कदंबच्या बसवर बघताय. देऊळ पाडल्यावर लिंग पलीकडे नार्व्याला नेलं, आणि तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून काढायला लावलं. तेव्हाचा मजकूर दगडावर आहे, दरवाजाच्या वर बघा. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जायला वेगळी फेरीबोट आहे. बेटावर चालायचं अंतर बरंच आहे, तेव्हा दुचाकी बोटीत चढवून न्या. परतीची शेवटची बोट किती वाजता ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा, नाहीतर डिचोलीवरून लांबचा फेरा पडतो.